तीनशे मायक्रॉन

बर्फाच्या डब्यातून येतो
खालच्या पाळीचा तुकडा, तळहाताएवढा.
वर चिकटपट्टी: नमुना एकेचाळीस.
नाव मला कळू नये असा नियम आहे.

श्वासनळीत बारीक नळी सरकवून
मी कोमट अगारोज सोडते, सावकाश,
एकही बुडबुडा येऊ न देता.
चपटं पडलेलं फुप्फुस भरतं, तट्ट होतं.
उद्यमनगरात अण्णा असंच ओतायचे
साच्यात लाल रस, श्वास रोखून.
मधी थांबलीस की माल गेला, म्हणायचे.

गार झाल्यावर गोल पंचानं गाभा काढायचा,
मग इर्शादच्या मशीनवर काप.
थरथरतं पातं, बर्फगार द्रावण,
चकती सुटते, तरंगते,
ओल्या पतंगाच्या कागदासारखी.
सातव्या कापाला पातं कर्रकन अडलं.
"गाठ," इर्शाद म्हणाला, "दगड झालाय पार."
मी काही बोलले नाही.
वाळूभोवती फुप्फुसानं बांधलेली गाठ.
अण्णांच्या रुमालातून आई झटकायची
तीच वाळू, फौंड्रीची.
आम्ही पातं बदललं.

गुलाबी पोषकद्रव, दर अर्ध्या तासाला नवं,
अगारोज धुऊन जाईपर्यंत.
मग सदतीस अंशांत चोवीस खळगे:
आठांत औषध, आठांत दुप्पट,
आठांत औषधाशिवाय नुसतं द्रावण.
त्या शेवटच्या आठांकडे मी जरा जास्त वेळ बघते.

वॉर्डाबाहेर, बाकड्यावर,
एकानं संमतीच्या कागदावर सही करून विचारलं होतं,
"काढल्यावर मरतंय न्हवं ते?"
आठवडाभर तरी जगवतो आम्ही, मी म्हणाले.
खोकल्यातून हसला.
"मग माझ्यापरीस बरं हाय की त्याचं.
तितं धूळ तर न्हाई."
एकेचाळीस तोच का, विचारायचं नाही.

आज चौथा दिवस.
भिंगाखाली नळीच्या कडेची लव हलतेय,
सगळी एकाच दिशेला, न थकता,
कुठलीशी घाण घशाकडे ढकलत.
घसा नाहीये,
हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

वहीत लिहिते:
खळगा सतरा. औषध नाही. हालचाल आहे.
मग उठून खिडकी लावून घेते,
शिरोलीकडून वारा सुटलाय.