मत्रा बंदर, पुरवठा खातं

आरमारं मी झेंड्यावरून ओळखत नाही.
झेंडे वाऱ्यात गुंडाळतात, उन्हात विटतात,
दोघातिघांचे रंग तर नुसतेच उलटसुलट.
मी यादीवरून ओळखतो.

लिंबं दोन पोती, मिरची तिखटच हवी,
पुदिना असेल तेवढा :
हे पलीकडच्या किनाऱ्याचं.
बटाटे, बटाटे, खाली रेघ मारून पुन्हा बटाटे,
आणि शेपू, चक्क शेपू :
हे उत्तरेकडचं राखाडी जहाज,
ज्याच्या पोरांची नाकं पहिल्याच दुपारी सोलली.
अंडी नऊ हजार मागणारं कुणाचं, ते सांगत नाही.
त्यांनी पैसे रोख दिले.

राष्ट्रदिनाला सतरा देशांची जहाजं आलीत
आणि आमच्या मालकाचा, खलफान बिन जुमांचा,
ट्रक एकच,
त्याचंही थंडयंत्र चढावर खोकतं.

मी बशीर सारंग. मूळ जैतापूर.
आडनाव सारंग, पण पणजोबांनंतर
घरात कुणी सुकाणू धरलं नाही.
मी पावतीपुस्तक धरतो.
सव्वीस वर्षांत एकाही युद्धनौकेच्या पोटात गेलो नाही;
शिडीच्या पहिल्या पायरीशी
माझी हद्द संपते, त्यांची सुरू होते,
मधे कांद्याचं पोतं.

सगळ्यांच्या यादीत यंदा एक ओळ सारखी :
सुरमई, ताजी.
आणि मासळीबाजाराचे ओटे धुऊन कोरडे.
दुर मुहम्मदची होडी तीन दिवस वाळूवर आहे.
सोहळा होईतो समुद्र बंद, असं शिपाई सांगून गेला.
दुर मुहम्मद हसला,
समुद्राला शटर कधी लावलं, म्हणाला,
आणि जाळ्यातल्या गाठी सोडवत बसला,
ज्या सुटलेल्याच होत्या.
सतरा आरमारांना मी गोठवलेली सुरमई दिली,
खोक्यावरचं गाव खरवडून.

काल चौथ्या धक्क्यावर पताका चढवत होते,
नाळेपासून डोलकाठीवर, तिथून उतरत मागच्या टोकाला.
लिंबं मोजून घ्यायला एक पोरगेला खलाशी आला.
त्याला विचारलं, काय लिहिलंय रे वर?
म्हणाला, प्रत्येक पताका म्हणजे एक अक्षर किंवा आकडा,
पण ओळ अशी लावतात की शब्द होऊ नये.
आणि चुकून झाला तर?
तर कुणीतरी वाचेल ना, चाचा.

हे आम्ही मराठीत बोलत होतो,
ते दोघांच्याही उशिरा लक्षात आलं.

पावतीवर सही केली : तोरसकर.
विजयदुर्गाकडचा. माझं नाव वाचून थांबला.
जैतापूरचा दिवा आमच्या खळ्यातून दिसायचा, म्हणाला.
मी म्हटलं, आम्हाला नाही दिसायचा.
आम्ही दिव्याच्या अगदी खाली.
मग त्याने तीन लिंबं बाजूला काढली, नासकी आहेत,
आणि हिशेबातून वजा केली.
बरोबरच होतं.

आज सकाळी तोफा झाल्या, एकवीस.
नवव्यानंतर किल्ल्यावरचे कावळे परत येऊन बसले,
त्यांना कळलं असावं की हे कुणाला मारायचं नाही.
राजाची नौका रांगेपुढून संथ गेली,
पांढऱ्या कपड्यांतली माणसं काठाला उभी,
इतकी सरळ, की मला ट्रकमागे उभ्याउभ्या पाठ दुखली.
त्यातला तोरसकर कुठला, ओळखता आलं नाही.

आता रात्र.
जहाजांच्या कडेकडेने दिवे लावलेत,
नुसती कड दिसते, आत जहाज नाही,
लोखंड, तोफा, बटाटे, काहीच नाही,
शाळेतल्या मुलाने पाटीवर रेघ ओढावी तसं.
कॉर्निशवर पोरं मोजतायत, सोळा, सतरा,
एक ओमानी आजी म्हणते, अठरा,
आणि ऐकत नाही.

मी दुर मुहम्मदच्या होडीत बसलोय, वाळूवरच.
उद्या पहाटे समुद्र उघडतो म्हणे.
खिशातून ती तीन लिंबं काढली.
सुरीने नासका भाग कापला,
राहिलं ते मीठ घालून पाण्यात पिळलं.
प्रत्येक लिंबू निम्म्याहून जास्त चांगलं होतं.