फिरकी मी धरते

मकरपुरा जीआयडीसी, तेरा जानेवारी.
उद्या उत्तरायण, म्हणून आज दुपारनंतर
आख्खी कंपनी धाब्यावर.
उंधियूची तीन पातेली, जिलेबी, चिक्की,
आणि एक स्पीकर, कॅशियर भट्टांनी
सासऱ्याकडून मागून आणलेला.

मी जगताप, पर्सोनेल. इथे सगळ्यांची जगतापबेन.
सकाळी आठपासून गच्चीवर आहे.
कठड्याच्या चार हात आत काथ्या बांधला,
काथ्याला लाल चिंध्या.
टाकीची शिडी उतरवून गोडाऊनला कुलपात घातली.
तरी फिटर रणछोड विचारतोच, "बेन, शिडी?"
विजेच्या तारांच्या अंगाला
मी माझी खुर्ची मांडली,
म्हणजे तिकडे जायचं तर माझ्यावरून जावं लागेल.

बोटांना पट्टी लावल्याशिवाय मांजा नाही.
प्लॅस्टिकची दोरी आणलेला एक रीळ
मी जिन्यातच कात्रीने उभा चिरला.
तिळगूळ वाटताना लोक गोड बोला म्हणतात.
मला पगार कडू बोलायचा मिळतो.

"एवढं काय बेन, वर्षातून एकदा!"
मी किरीटकडे बघते.
डिस्पॅचचा किरीट. तीन वर्षांपूर्वी
अशाच पार्टीतून घरी निघाला,
लालबागच्या पुलावर
कुणाची कोण जाणे, दोरी आडवी आली.
चौदा टाके.
आता तो "लपेट!" ओरडतो
तेव्हा दार करकरल्यासारखं वाटतं
आणि अर्धी गच्ची क्षणभर गप्प होते.
तो मात्र ओरडायचं सोडत नाही.

चार वाजता काळ्या कोल्ड्रिंकची एक बाटली
हातोहात फिरू लागली,
आणि ती प्यायलेले
कोल्ड्रिंकच्या मानाने फारच हसू लागले.
गुजरातेत आहोत आपण, असलं काही इथे नसतं.
मीही काही पाहिलं नाही.
फक्त बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन फिरले:
किल्ल्या टाका, संध्याकाळी माझ्याकडून मागून घ्या.
ज्याला माझ्या डोळ्यांत बघून मागता येईल
त्याला मिळेल.

मग दलालसाहेब.
कृपालीला, जी ऑक्टोबरात ट्रेनी लागली,
पतंग शिकवत होते.
मागून उभे राहून.
तिच्या हातांवर हात, खांद्यावर हनुवटी येईल इतके.
पतंग आभाळात, सगळ्यांच्या माना वर,
खाली कोण बघतंय?
तिची कोपरं तेवढी मला दिसली,
बरगड्यांना घट्ट चिकटलेली.

मी खुर्ची सोडली.
दोघांच्या मधे जेमतेम एक फिरकी मावेल एवढी जागा होती,
तेवढ्यात शिरले.
"साहेब, फिरकी मी धरते.
तुम्ही खाली जा, उंधियू संपत आलाय."
ते हसले. "फिरकी घेता काय आमची, जगतापबेन?"
"नाही साहेब. धरतेय."
त्यांच्याहून मी दोन ग्रेड खाली आहे.
माझे गुडघे ते विसरले नव्हते.

कृपालीने ढील दिली.
बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही,
फक्त फिरकी माझ्या तळव्यांत गरगरत राहिली.

सहा वाजता प्रत्येक स्कूटरला तारेची कमान तपासली,
प्रत्येक गळ्याला मफलर,
ज्याला नाही त्याला कँटीनचा टॉवेल.
डब्यात पाच किल्ल्या उरल्या.
पाच जण टेम्पोतून गेले, रुसून.

आता रात्रीचे सव्वानऊ. दांडिया बाजार, माझं स्वयंपाकघर.
अडतीस जण. पोचलो, पोचलो, पोचले,
अंगठा, पतंगाचं चित्र, पोचलो.
बिपिनभाईंचा नाही.
फोन केला तर म्हणाले, अरे बेन, मी तर कधीचा झोपलो होतो.

भांडी घासताना साबण झोंबला तेव्हा कळलं,
उजव्या तर्जनीला बारीक चीर आहे.
सगळ्यांना पट्ट्या वाटल्या,
स्वतःला लावायची राहिली.

कृपालीचं "पोचले" आठ वाजताच आलं होतं.
त्याखाली आत्ता पुन्हा
टाइप करतेय, थांबतेय, टाइप करतेय.
मग काहीच नाही.

मी ओल्या हाताने लिहिलं:
सोळा तारखेला साडेनऊला ये.
चहा माझ्या टेबलावर.
दार बंद करून बसू.