वजनकाटा

पंख्याचं विमान, शेहेचाळीस खुर्च्या.
चढण्याआधी प्रत्येकाला काट्यावर उभं करायचे मी,
आधी माणूस, मग बोचकं,
आणि आकडा निळ्या वहीत.
धावपट्टी आखूड, संपते तिथे लगेच समुद्र;
वैमानिकाला नेमकं ठाऊक असावं लागतं
आज आपण किती बेट उचलून नेतोय.

एकवीस वर्षं. मापात पाप केलं नाही.
म्हणजे केलं, एकदाच:
दोना फेलिस्बेर्ता लेकीच्या बाळंतपणाला प्रायाला निघाली
तेव्हा शेळीच्या चीजचे अकरा गड्डे
मला दिसलेच नाहीत.
विमान उडालं. कुणाला जड गेलं नाही.

इथल्या माणसांची वजनं मला तोंडपाठ.
नावं विसरते, कोण कुणाचा जावई ते विसरते, वजन नाही.
झेफेरिनो जहाजावर लागायला रॉटरडॅमला गेला तेव्हा अठ्ठावन्न,
परतला तेव्हा एक्क्याण्णव, सोन्याच्या दातासकट.
त्याची आई दर वर्षी दोन किलोंनी कमी.
एक मुलगी काट्यावरून उतरताना
माझ्या कानाशी लागली:
दोघांचं आहे, इतक्यात बोलू नका.
मी वहीत एकच ओळ लिहिली.

मग कंपनी विकली.
राजधानीतल्या वजनदार माणसांनी सह्या केल्या
(त्यांना काट्यावर उभं करायची वेळ माझ्यावर कधी आली नाही).
रेडिओ म्हणाला, तोटा डोक्यावरून गेला,
पंख्याची विमानं म्हातारी झाली,
आता जेट येतील, बॉस्टन, लिस्बन, ब्राझीलचा किनारा;
आपण म्हणे जगाच्या मधोमध आहोत.
नकाशा छापला, गुळगुळीत कागदावर.
साल बेटातून लाल रेषा सुटलेल्या, कोंबड्याच्या शेपटीसारख्या.
आमचं बेट असायला हवं तिथे
कंपनीचं नवं चिन्ह.

खोटं कशाला बोलू, मला आनंदही झाला.
धाकटी बहीण ब्रॉकटनला म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलते,
सात वर्षांत तोंड दिसलं नाही तिचं.
आता थेट येईल, एका झोपेत समुद्र ओलांडून,
आणि साल बेटावर बॅगेवर बसून विचारील
पुढची बोट कधी.
बोट कधी ते बोटवाल्यालाही माहीत नसतं.

शेवटच्या गुरुवारी लुसिंदोनं
आगीच्या बंबाचा भोंगा वाजवून
धावपट्टीवरच्या शेळ्या हाकलल्या, नेहमीसारख्या.
आता हाकलत नाही.
त्या तापल्या डांबरावर रवंथ करतात
आणि तो बंबाच्या सावलीत झोपतो.

मोजदादीला एक पोरगेलासा साहेब आला,
बोटीनं, रात्रभर ओकून पिवळा पडलेला,
वाऱ्यानं टाय खांद्यावर.
खुर्च्या बारा. पंखा एक. शिडी एक, गंजकी.
काट्यापाशी थांबला. हा चालतो का?
म्हटलं, उभे राहा.
त्रेसष्ट.
काल आला असता तर पासष्ट भरला असता, म्हटलं.
तो हसला, माझ्याकडची एक केळी खाल्ली,
आणि यादीत काट्यापुढे लिहिलं: किंमत शून्य.

रात्री साडेअकराला जेट वरून जातं.
आधी दिवा, मग बऱ्याच वेळानं आवाज.
मी अंगणात उभी राहून सवयीनं अंदाज बांधते,
पावणेदोनशे माणसं, त्यांच्या बॅगा, जेवणाची ताटं,
कुणाच्या पोटात कोण,
आणि कुठेतरी बेरीज सुटते.

वही कुणी मागितली नाही. उशाशी आहे.
परवा झेफेरिनो दारात आला, टोपी हातात.
आईचं शेवटचं किती होतं गं?
वही उघडायची गरज नव्हती.
एकेचाळीस, म्हटलं, बुटांसकट.
बूट मीच पाठवलेले, म्हणाला,
आणि पायरीवर बसून
बोटांवर बूट वजा करू लागला.