घोडं कुठे पेंड खात होतं

नारिनला पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते.
दोलोन खिंडीत बर्फ,
गाडीचा ड्रायव्हर दर वळणाला चेनला शिव्या घालत आला.
घोड्यांच्या दवाखान्यात झुमाकादिर एकटेच,
समोर संगणक,
पंखा असा की शर्यत संपवून आलेली घोडी.
"काही काम दिलं नाही त्याला," म्हणाले,
"तरी धापा टाकतोय."

मी आधी भिंतीतली केबल उपटली.
साथ आली की पहिल्यांदा आजारी जनावर वेगळं बांधायचं,
हे त्यांना सांगावं लागलं नाही.

मग सेफ मोड.
आपोआप जागं होणाऱ्यांची यादी काढली:
घड्याळ, कळफलक, प्रिंटर,
आणि आणखी एक, प्रिंटरच्याच नावाचा,
एक अक्षर जास्त.
हा रोज पहाटे तीनला उठायचा,
लशींच्या तारखा, बँकेचा पासवर्ड,
हाताला लागेल ते कुठेतरी पाठवायचा
आणि दिवसभर भलत्याच कुणाची गणितं सोडवत बसायचा.
घोडं इथे पेंड खात होतं.

"पण आत आलं कसं? दार मी रोज लावतो."

दार तुम्हीच उघडलंत, अक्साकाल.
मेल दाखवली. नोव्हेंबरची.
मुलाच्या पत्त्यावरून: बाबा, फोटो बघा.
नाव फोटोचं, चित्र फोटोचं,
नावाचं शेपूट तेवढं विंडोजने झाकलेलं.
झाकण काढलं.
ई-एक्स-ई.

"पन्नास वर्षं दात बघून घोडा घेतोय मी.
ओठ उचलल्याशिवाय कुणाला पैसा दिला नाही."
मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.
"एर्मेकचं नाव होतं. आठ महिन्यांनी."

मी पेनड्राइव्हवरून तपासणी लावली.
फितलेल्या पहारेकऱ्याला चोर किती, हे विचारायचं नसतं.
तीन तास. चहा, खारट कुरुत, पुन्हा चहा.
अकरा जागी सापडलं. पुसलं.
मशीन चालू केलं, पुन्हा उगवलं.
मूळ वेळापत्रकात राहिलं होतं, ते खणलं.
एका महिन्याच्या नोंदी गेल्या
त्या गेल्याच;
त्यांच्या वहीत मात्र होत्या, पेन्सिलीने,
प्रत्येक घोड्याच्या रंगासकट.
अँटिव्हायरस टाकला,
वरातीमागून का होईना.

पासवर्ड बदलायला माझा फोन पुढे केला.
जुना त्यांनी न विचारताच सांगितला:
एर्मेक आणि त्याचं जन्मसाल.
नवा सांगू नका, म्हटलं,
आणि खिडकीकडे तोंड केलं.

राहिली ती मेल.
"असू दे ना. ती काय खाते?"

त्याने लिहिलेली नाही ती, मी म्हटलं.
त्याच्याही मशीनमध्ये हेच शिरलं असणार.
शिरलं की पत्त्यांची वही वाचतं,
ज्याचं नाव मिळेल त्याच्या दारात जाऊन उभं राहतं.

बराच वेळ ते पडद्याकडे बघत होते.
"म्हणजे वहीत माझं नाव होतं."

होतं.

मी मेल पुसली. कचरापेटीही रिकामी केली.
त्याला कळवायला हवं, म्हटलं,
केबल काढ म्हणावं आधी.
"कळवायलाच हवं," ते म्हणाले,
एकदम उठले.
नंबर पाठ होता.

बाहेर कुणीतरी लंगडती घोडी आणून बांधली होती,
ती बर्फावर खूर आपटत होती.
आत रिंग जात होती.