बारा खडे साखर

टॉडमॉर्डन नगर परिषद, नोव्हेंबर, मंगळवार.
रेडिएटर खोकतोय आणि मी इतिवृत्त लिहितोय.
विषय क्रमांक सात: वाचनालयाने
काउबॉयच्या कादंबऱ्या आणि नर्सांच्या प्रेमकथा
विकत घेणं थांबवावं की कसं.

नगरसेवक ग्रीनहॅल्श उठले,
पोटावरची घड्याळाची साखळी सारखी केली, म्हणाले,
‘आपण उतरायचं तरी किती? लोकांचा हा
लोएस्ट कॉमन डिनॉमिनेटर –’
‘लोएस्ट’ असा उच्चारला
जसं काही बुटाला लागलंय.

मागच्या बाकावरून मिस ऑर्मरॉड उभ्या राहिल्या.
अडतीस वर्षं मुलींच्या शाळेत, अपूर्णांक.
माझ्या बायकोला त्या अजून स्वप्नात
समच्छेद करायला लावतात.

खडू मागितला. खडू नव्हता.
मग चहाच्या ट्रेमधलं साखरेचं भांडं ओढून
टेबलाच्या हिरव्या बनातीवर
त्यांनी एकेक चौकोनी खडा मांडला. बारा.

‘अर्धा, तृतीयांश, पाव. तिघे एका टेबलाशी आले.
दोन म्हणतो माझ्या मापाने मोजा,
तीन म्हणतो माझ्या,
चार काहीच म्हणत नाही, चार आडमुठा.
तिघांनाही चालेल
असा सर्वांत लहान आकडा कोणता?
मिस्टर ग्रीनहॅल्श?’

ग्रीनहॅल्श छत बघत होते.
‘बारा,’ मीच बोललो.
कारकुनाने बोलायचं नसतं.

‘बारा. दोनाहून मोठा, तिनाहून, चाराहून मोठा.
याला म्हणतात लोएस्ट. खाली कुठे आहे हा?
कुणाचं काही न छाटता सगळे मावतील
अशा जागांतली ही सर्वांत लहान.’

मग वाटे घातले. सहा. चार.
तिसऱ्याला तीन हवे होते, उरले दोन.
मागे कुणीतरी फिसकन हसलं.
त्या हसल्या नाहीत. ‘एक कमी पडतोय,’ म्हणाल्या,
‘आणि बारा मांडल्याशिवाय
हेही कळलं नसतं.’

मी विचार करत राहिलो,
हे तीन शब्द शाळेच्या फाटकातून कधी निसटले असतील?
वहीत होते तेव्हा एकमेकांचा हात धरून होते.
बाहेर कुणा संपादकाने, कुणा पाद्र्याने
पहिल्यालाच तेवढं उचललं.
दुसरा सामाईक म्हणून निघाला होता,
सामान्य होऊन पोहोचला.
तिसरा कुणालाच नीटसा माहीत नव्हता,
तो भारदस्त दिसतो म्हणून राहिला.

मतदान: सात विरुद्ध चार. काउबॉय गेले. नर्सा गेल्या.
मी लिहिलं, ‘एका नागरिक बाईंनी
अपूर्णांकांविषयी मत मांडलं.’
खोडलं. पुन्हा तेच लिहिलं.
विषय क्रमांक आठ: गटारं.

मिस ऑर्मरॉड खडे भांड्यात परत टाकत होत्या,
मोजून, ओठ हलवत.
अकरा भरले.
त्यांनी वर पाहिलं.

ग्रीनहॅल्श चहा ढवळत होते.