नांदवलं नाही

तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत
भिंतीवर पोपमहाशयांची तसबीर आहे.
माझ्या नोकरीत ती तीनदा बदलली.
माणूस बदलतो, खिळा तोच.
त्या खिळ्याखाली बसून मी
मोडलेली लग्नं टाइप करते.

मोडलेली म्हणायचं नाही.
पहिल्याच आठवड्यात फादर मिस्किटा म्हणाले होते,
बाई, आपण इथे काही मोडत नाही,
होतं की नव्हतं, एवढंच बघतो.

अपोलिन किणी मनोरीहून आली,
तर धरून, मग बस, मग दुसरी बस.
हाताला सुक्या बोंबलाचा वास, त्यावर पावडरचा.
बायबलवर ठेवण्याआधी तिने तो हात
लुगड्याला दोनदा पुसला.

प्रश्न बेचाळीस. छापील, इंग्रजीत.
मी मराठीत विचारते, मराठीत ऐकते,
इंग्रजीत उतरवते.
लग्नाच्या दिवशी तुमची संमती मोकळेपणाची होती का?
ती म्हणाली, बँड व्हता.
मी लिहिलं: होय.
मग खोडलं.

सतरावा प्रश्न सहजीवनाचा.
ती खिडकीकडे बघत राहिली, मग म्हणाली,
त्यानी मना नांदवलीच नाय.

इथे माझी बोटं थांबली.
सांभाळलं नाही? सांभाळलं की,
पोटाला होतं, छप्पर होतं, इनासने हातही उगारला नाही कधी.
सोडून दिलं? तेही नाही.
गावात विहिरीवर बायका विचारतात,
पोर नांदते ना?
त्या 'ना'मध्ये जे येतं
ते कुठल्या कलमात घालू?
कायद्यात लॅटिन शब्द आहे,
अर्थ साधारण आयुष्यभराची भागीदारी.
भागीदारी म्हटलं की मला होडीचे वाटे आठवतात:
एक होडीचा, एक जाळ्याचा, एक नाखव्याचा.
टोपलीच्या तळाशी जे उरतं
ते बायकांनी निवडायचं.

समोर बंधनाचा वकील बसलेला,
तोही पाद्रीच, तरुण, सर्दी झालेला.
नवरा आला नव्हता, बायको थकली होती.
त्या खोलीत लग्नाच्या बाजूने बोलणारा
तो एकटाच, नेमून दिलेला.

उठता उठता तिने तसबिरीकडे बोट केलं.
ह्यो मोठा ना सगल्यांत? ह्यो सोडवील?
फादर मिस्किटांनी चष्मा काढला.
नाही, अपोलिन. खरं झालेलं लग्न
त्यांनाही तोडता येत नाही.
ती बघत राहिली तसबिरीखालच्या चिन्हाकडे,
एकावर एक दोन चाव्या.
येवऱ्या चाव्या, आन ही एक नाय?

आणि मग हळूच,
नव्हतंच ठरलं तर अठरा वर्सं
मी कोनाच्या घरान व्हते?
कोणी उत्तर दिलं नाही.
मुलं औरसच राहतात, फादर म्हणाले.
तिने हे विचारलं नव्हतं.

रात्री कलिनाला भांडी घासताना आठवलं,
संत पेत्राच्या सासूला ताप आला होता.
प्रभूने हात धरला, ताप उतरला,
ती उठली आणि लागलीच वाढायला लागली.
सासू होती म्हणजे बायको होती.
तिचं नाव कुठे नाही.
नवरा जाळी टाकून निघून गेला,
पुढे त्याला स्वर्गाच्या चाव्या मिळाल्या.
घराची कोणाकडे होती?
ती नांदली का? तिची साक्ष
कोणी टिपून ठेवली नाही.

तो शब्द मी तसाच ठेवला,
इंग्रजी वाक्यात, रोमन अक्षरांत.
यंत्राने खाली लाल नागमोडी रेघ ओढली.
असू दे. फाईल रोमला गेली
तर रेघेसकट जाईल.

फाईल रोमला गेली नाही.
तीन महिन्यांनी वरच्याच मजल्यावरून परत आली,
समासात न्यायाधीशांची पेन्सिल:
म्हणजे काय?

खुलाशाला मुदत दहा दिवस.
आज सातवा.