खुणेची बाटली

सकाळी सहाला गया एक लिटरची बाटली भरून
माझ्या उशाशी ठेवते.
नातीच्या लाल नेलपॉलिशनं तिच्यावर दोन रेघा मारल्यात:
वरचं गोळ्यांपुरतं,
मधलं जेवणापुरतं,
खालचं रात्रीचं, जपून.

तेवीस वर्षं मी जालन्याच्या गल्ल्यांना पाणी सोडलं.
लोखंडी चावी खांद्यावर, पहाटे तीनची वेळ.
कोणत्या गल्लीला किती मिनिटं, तोंडपाठ.
बाया भांडायच्या,
"धोंडीमामा, आमच्याकडं अजून धा मिंटं!"
मी घड्याळ दाखवायचो.
आता घड्याळ गयाच्या हातात आहे
आणि ती माझ्याहून कडक.

केमो चालू होता तेव्हा उलटं होतं.
औरंगाबादच्या वॉर्डात सिस्टर ओरडायची,
"पाणी प्या काका, तीन लिटर. औषध वाहून गेलं पाहिजे."
गळ्यातल्या गाठीमुळं थुंकीसुद्धा टोचायची.
तरी प्यायलो, घोट घोट,
आठवड्याची पाळी एकट्यानं एका दिवसात.
गाठ गेली.
जाताना गाळणी फाडून गेली.

क्रिएटिनिन हा शब्द मला आधी म्हणताच येईना.
गया अजून किरटीन म्हणते,
एखाद्या चुलत नणंदेची चौकशी करावी तशी:
"किरटीन वाढलं का वो मॅडम?"
लाहोटी मॅडम हसत नाहीत.
कागदावर तीन पूर्णांक चार लिहून त्याला गोल करतात.
"डायलिसिस आत्ता नाही," म्हणतात.
त्यातलं 'आत्ता' तेवढं मी घरी आणतो,
रिक्षाच्या सुट्ट्या पैशांबरोबर, खिशात.

भेटायला येणारे मोसंबी आणतात.
जालन्यात आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं कोण येतं?
पिशवीभर, सालीलाच वास सुटलेला.
मला चालत नाही. पोटॅशियम.
टोमॅटो नाही, नारळपाणी नाही,
बटाटा चिरून दोन तास पाण्यात
आणि ते पाणी सरळ मोरीत;
तेव्हा मात्र माझा जीव तुटतो.
पिठलं बिनमिठाचं.
नातवाच्या ताटात खर्डा दिसला की मी मान फिरवतो.
मोसंब्या शेजारच्या पोरांना जातात.
एक मी ठेवून घेतो,
दिवसभर नखानं खरवडायला.

परवा रात्री जाग आली. गया अंथरुणात नव्हती.
मोरीच्या कडेला, अंधारात, भिंतीकडं तोंड करून
तांब्या लावून उभी होती.
आवाज होऊ नये म्हणून
पाणी आधी गालात धरायची, मग गिळायची.
मला बघून दचकली.
पदरानं तोंड पुसलं, चोरी सापडल्यासारखं.
आणि माझ्या ध्यानात आलं,
चार महिने हिला मी पाणी पिताना पाहिलंच नाही.

लाईनला पाणी आलंय का ते कळायला
आम्ही चावी व्हॉल्व्हवर टेकवायचो
आणि दुसऱ्या टोकाला कान.
लांबून येणारं पाणी आधी हवा ढकलतं,
मग घरघरतं,
मग एकदम भरीव होतं.
गल्ली जागी व्हायच्या आधी
ते माझं एकट्याचं असायचं.

म्हणलं, "गया, इथं बस. माझ्याम्होरं पी."
"तुमाला तहान लागंल."
"ती लागलेलीच हाय. तू पी. गटागटा पी."

ती बराच वेळ तांब्याकडं बघत राहिली.
मग उचलला.
मी तिच्या मानेशी कान नेला.

सोमवारी पुन्हा रक्त द्यायचंय.
खालच्या रेघेखाली तेव्हा दोन घोट उरले होते,
पहाटेसाठी राखलेले.
तेही घेतले.